बंधाऱ्याचं भोक

११ जानेवारी
बीव्हरवरचं पुस्तक संपवलं. कुत्र्याएवढा उंदीरच तो. दात नारिंगी, शेपटी उलथन्यासारखी. झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालतो. मागे पाणी पसरतं, दलदल होते, बेडूक-मासे-बगळे राहायला येतात. मधोमध याचं काटक्यांचं घर, दार पाण्याखाली. भूमिपूजन नाही, कोनशिला नाही, माझं भाषण नाही.

बायकोला, सविताला, वाचून दाखवलं. म्हणाली, "बोलत नाही ना? मग होणारच काम."

घरातली पहार दिवाळीपासून सापडत नाही. दरवर्षीचंच. सविता म्हणते, असेल कुठंतरी.

१३ जानेवारी
सरपंच हितेंद्र पिंपळनेरहून सिमेंटचा अंदाज काढून आला. गावाच्या दगडी बंधाऱ्याला भोक आहे, ते कायमचं बुजवायचं. सव्वीसच्या ग्रामसभेत ठराव. मला म्हणतो, "नाना, 'थेंब निसटला तर गाव निसटलं' – तुमचंच वाक्य फलकावर घेतलंय."

माझंच. बारा वर्षांपूर्वी बंधाऱ्यावर उभं राहून ठोकलं होतं. तेव्हापासून दर दिवाळीनंतर पाटांतला गाळ काढताना, माझं भाषण झालं की अख्खं गाव ते भोक चिकणमातीने बुजवतं. आठ-दहा दिवसांत पुन्हा गळतं. मी मातीला शिव्या घालतो.

१७ जानेवारी
पुस्तक पुन्हा उघडलं. चूक केली. बीव्हरचा बांध गळका असतो – म्हणून खालचा ओढा जिवंत राहतो.

आमच्या भोकाखालीही पाणथळ आहे. लव्हाळं, पाणकोंबड्या. त्याला लागून लिलाबाईची विहीर. खालच्या वस्तीतली सात घरं तिच्यावर. सिमेंट पडलं की विहीर आटली. म्हणजे बारा वर्षं मी त्या बाईचं पाणी तोडायला गर्जत होतो, आणि ती पहिल्या रांगेत बसून शांतपणे ऐकत होती!

१८ जानेवारी
वाहत्या पाण्याचा आवाज भोंग्यावर लावला, तर बीव्हर कोरड्यातही त्या भोंग्यावर चिखल रचतो. भोंगा ऐकून कामाला लागणारा एवढा एकच श्रोता जगात.

२५ जानेवारी
उद्या चारचौघांत स्वतःचं वाक्य गिळायचं. झोप नाही. सविता घोरते आहे.

२६ जानेवारी
बोललो. "बारा वर्षं मी चुकीचं सांगितलं. ते भोक खालच्या वस्तीचा पाट आहे. बुजवू नका." दहा मिनिटंही झाली नाहीत, सगळे हात ठरावाच्या विरोधात वर. ठराव पडला. हितेंद्र एकटाच कुरकुरला, "नाना, फलक रंगवून झालाय हो."

लिलाबाई जवळ येऊन म्हणाली, "यंदा बरं बोलले तुम्ही."

बीव्हरची पाच उदाहरणं तशीच राहिली. तरी मान्य करतो – वाणीत अजून दम आहे.

२ फेब्रुवारी
पाणी वाटणारा पाटकरी तोताराम सकाळी दारात. खांद्यावर आमची पहार.

"आते ही लागाव नही, नाना."

कशाला लागायची, विचारलं.

"तुमनं भाषण व्हस, बठ्ठं गाव भोक बुजस. आठ दिनमा मी उघडस. बारा वरीस व्हयनात."

"आणि पहार कोण द्यायचं?"

त्याने नुसतं आत पाहिलं. सविता चहा गाळत होती. तिने कप तीनच काढले होते. एक तोतारामला, एक स्वतःला, तिसरा आतल्या दारामागे उभ्या लिलाबाईला दिला.