सोबत नातेवाईक हवा

ती. ताईस,

वाकूनच नमस्कार. साष्टांग घातला असता, पण छातीला टाके आहेत, पालथं पडता येत नाही. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? जिना चढतात की अजून खालूनच हाका मारतात?

घाबरू नकोस. (हे वाक्य मी दोनदा खोडलं. असं म्हटलं की माणूस आधी घाबरतं. पण टाक्यांचं लिहून झाल्यावर ते न लिहिणंही बरं दिसेना.)

माझ्या डाव्या बाजूची गाठ तुला ठाऊक आहेच. सासूबाईंच्या मते ती दुधाची. धाकट्याला मिसरूड फुटलं, म्हणजे एव्हाना त्या दुधाचं दही होऊन ताकसुद्धा संपलं असतं. पण वाद नको म्हणून मी शेकत राहिले आणि गाठ वाढत राहिली. शेवटी इथल्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा काढला, बरणीतल्या औषधाच्या पाण्यात टाकला आणि बरणी माझ्याच हातात दिली. तपासायची सोय इथे नाही, शहरातल्या लॅबमध्ये आपणच पोचवायचा. "उभी धरा, हिंदकळू देऊ नका," म्हणाल्या. एवढं जपून मी दोन्ही पोरांनाही कधी नेलं नव्हतं.

बसमध्ये बरणी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "लोणचं का? घरचं?" मी म्हटलं, "हो, घरचंच." (आता लिहिताना वाटलं, हे खोटं झालं का? अर्धं झालं. लोणच्यापुरतं.) त्यांनी कृती विचारली तेव्हा मात्र मी झोपेचं सोंग घेतलं. बरणी घट्ट धरून झोपणं किती अवघड असतं, करून बघ.

लॅबच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "पेशंट कुठाय?" म्हटलं, मीच. "मग नातेवाईक कुठाय? नमुना नातेवाईकानं द्यायचा, सही त्याची लागते." मी म्हटलं, अहो, या तुकड्याला माझ्याहून जवळचं कोण असणार? तो म्हणाला, "बाई, नियम मी नाही केला." आता परत जायचं म्हणून मी बरणी पुन्हा पदराखाली घेतली. तेवढ्यात मागच्या बाकावरून गळ्यात मापाची टेप अडकवलेल्या एक शिंपीणबाई उठल्या. त्या आपल्या आईची बरणी घेऊन आल्या होत्या. "मी हिची नणंद. आणा पेन इकडे," म्हणाल्या, आणि सही ठोकून माझ्याकडे वळल्या. "काय गं, इतके दिवस झोपली होतीस? घरात माणसं राहतात की खांब?" सगळ्या रांगेदेखत त्यांनी नणंदपणा पुरेपूर वसूल केला. मी खाली मान घालून ऐकलं. खरं सांगू? बरं वाटलं. या गाठीवरून माझ्यावर आजवर कुणी रागावलंच नव्हतं.

रिपोर्ट यायचाय. बहुधा काही नसेल. आईला कळवू नकोस. बाकी सारं ठीक.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि मधे रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. "बहुधा काही नसेल" हे खोडणार होते, पण लिहिताना मला तसंच वाटत होतं, म्हणून राहू दिलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, लगेच उपचार घेतले तर बरी होईन. ऑपरेशन, मग केमो, सगळं तुमच्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "धाकट्याची परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू." परीक्षा अजून सहा महिने लांब आहे.

आणखी एक. ताई, तू आजारी पड. ह्यांना फोन कर, आवाज खोल ने आणि मला पाठवायला सांग. बहीण अंथरुणाला खिळली म्हटलं की हे स्वतः मला बसमध्ये बसवून देतील, सासूबाई डबाही बांधतील. माणसं वाईट नाहीत गं, फक्त माझं आजारपण त्यांच्या डोक्यात शिरत नाही. खोटं तुला बोलायला लावतेय, त्याची माफी माग म्हणशील तर पायावर डोकं ठेवीन. आजार कुठला ते तूच ठरव. फक्त इतक्यात बरी होऊ नकोस. मला सात-आठ महिने लागणार आहेत.