शिवलिंगच्या घरची केळी

वैशाख वद्य पंचमी, बीड

कोर्टाला सुट्टी लागली आणि मी गावी आलो, तेव्हापासून रोज कुणाचं तरी आमंत्रण. मामा, आत्या, चुलत्यांचे व्याही. सगळीकडे आमरस, सगळीकडे आग्रह. वैताग आलाय. आज मात्र आपण होऊन पालीला गेलो, शिवलिंगकडे. लहानपणी बिंदुसरा नदीच्या काठी त्याच्या फडक्यातली भाकरी खायचो. लिंगायताच्या घरचं शिजलेलं आम्हा ब्राह्मणांना चालत नाही, हे तेव्हाही दोघांना ठाऊक होतं. "खा बे, कोण बघतंय!" म्हणायचा.

आज त्याने घोंगडी झाडून अंथरली. "बसा वकीलसाहेब." पुढ्यात केळी ठेवली. नुसती केळी! आतून भाकरीचा खरपूस वास येत होता. त्याच्या आईने विचारलं, "वाढू का रं त्याला? लई दिसांनी आलाय."

"न्हाई माय, त्यांना चालत न्हाई."

मान राखून म्हणाला की टोचून? क्षणभर थांबला होता का? थांबला होता. "चालतं" एवढंच म्हणायचं होतं मला. पण ओसरीवर आमच्याच गल्लीतले दोघे बसले होते, आणि मी केळं सोललं.

घरी आलो तर वहिनी पान वाढून वाट बघत होत्या. मी जेवायला नको म्हणालो.

"कावून भावजी? तिकडंच जेवलात की काय?"

"हो," मी चिडून म्हणालो.

त्या खळखळून हसल्या. "काहीतरीच! तुमी कुठले जेवताय तिथं."