आईला चक्कर आली नव्हती

धुळे, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मयुरी,

आधी 'वहिनी' लिहिलं, मग खोडलं. नऊ वर्षं तुला एक ओळ पाठवली नाही. वेळ नव्हता असं म्हणणार नाही, वेळ होता. डायरीत तुझ्या नावाची पानं आहेत, पाकिटात घालायची हिंमत नव्हती. हितेंद्रचं नि तुझं मोडलं तेव्हाच्या बैठकीत मी जे बोलले ते खोटं होतं. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवते, नाहीतर आठवणी सांगता सांगता मी ते पुन्हा झाकून टाकीन.

आई वर्षभर माझ्याकडे आहे. तिला कंपवात झालाय. हातांची थरथर एकवेळ चालते, पण दारातून जाताना ती जागीच अडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. जळगावच्या फिजिओथेरपीच्या बाई दर शनिवारी तिचे दोन्ही हात धरून समोर उभ्या राहतात, तालावर डोलतात, मग पावलं टाकायला लावतात. त्या सांगत होत्या, पाऊल कधी उचलायचं हे मेंदू आतून सांगतो, ते या आजारात मंदावतं. बाहेरून ताल मिळाला, समोरच्याची चाल हातातून कळली, तर काहींचा अडलेला पाय सुटतो. जोडीनं नाचताना समोरचं माणूस आता कुठे झुकेल याचा अंदाज आपला मेंदू सारखा घेत असतो म्हणे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "फी घिसन फुगडी शिकाडस ही बाई."

घरी तो सराव माझ्याकडे असतो आणि तो मला जमत नाही. मी पावलं मोजते, घड्याळ बघते, आईकडे बघायचं राहून जातं. मागच्या मंगळवारी तिनं माझे हात सोडले. म्हणाली, "तू वढस वं. मयुरी तोली धरे." मी ओढते, तू तोल सांभाळून धरायचीस. तुझं नाव तिच्या तोंडून नऊ वर्षांनी ऐकलं.

तुला अमळनेरची आपली गल्ली आठवते का गं? श्रावणातल्या त्या सोमवारी कानबाई देवी नदीवर बोळवायला निघायची, आणि नदीपर्यंतच्या रस्त्यावर दर चार घरांमागे बायका फुगड्या घालायच्या. आई वर्षभर तुला मिठाचा डबा कुठे ठेवायचा ते शिकवायची, पण त्या दिवशी पदर खोचून पहिला हात तुझाच धरायची. पायाला पाय जुळवून तुम्ही दोघी मागे झुकलात की सासू कोण नि सून कोण कळायचं नाही. शेजारची धुरपदाबाई आईला ओरडून सांगायची, लताबाई, सुनेला गरगर फिरवा, पण बसस्टँडपर्यंत नेऊ नका. मी कडेला तुमच्या चपला सांभाळत उभी. मला कुणी बोलावलं तर पाय दुखतो म्हणायचे. खरं तर कुणाच्या हातावर सगळं अंग सोडून द्यायची मला भीती वाटायची. अजून वाटते.

शेवटच्या वर्षीची फुगडी मात्र अर्ध्यात थांबली. आई मध्येच हळू झाली, चक्कर आली म्हणून खाली बसली, तू तिला पाणी दिलंस. त्याच मंगळवारी मी सहज तो विषय काढला.

"माले चक्कर नव्हती उनी," ती म्हणाली. "तिना हात दुखी ऱ्हायना व्हता. माले हातमांच समजनं."

त्या फुगडीच्या दोनच दिवस आधी, शनिवारी, मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हितेंद्रनं तुझा हात पिरगळला तो मी पाहिला. माझाच खांदा आत ओढला गेला होता, इतकं मला ते लागलं. दुसऱ्याचं दुःख कळत नाही म्हणून माणसं गप्प बसतात, असं मी समजत होते. आम्हा दोघींना कळलं होतं. बैठकीत वडीलधारे म्हणून बसलेल्या पितांबरनानांनी विचारलं, डिंपल, तू घरातच होतीस, तुला काय दिसलं? मी म्हणाले, मला काही दिसलं नाही. आई शेजारी मान खाली घालून बसली होती. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. हितेंद्रचं दुसरं लग्न ठरतंय. मुलगी चोपड्याची, तिथल्याच एका शाळेत शिकवते. साखरपुडा गुरुवारी आहे. काल तिच्या आईचा, इंदिराबाईंचा फोन आला: पहिलं का मोडलं हो, तुम्ही तर घरातच होतात ना? मी म्हटलं, भेटून सांगते. हितेंद्रला आज सकाळी कळवलं. तो बदलला असेल का, हे मला ठाऊक नाही; त्यानं तसं म्हटलंही नाही. बहिणीनं हेच करायचं होतं का, एवढंच विचारलं. आई म्हणाली, माझंही सांग, मलाही कळलं होतं. मी फक्त मला दिसलं नि आईला कळलं तेवढंच सांगणार आहे. तुझा भुसावळचा पत्ता कुणाला देणार नाही. तुझी परवानगी आधी घ्यायला हवी होती, पण हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत मी बोलून आलेली असेन. तुझ्याकडे काही मागत नाही, माफीही नाही. परक्यांना सांगण्याआधी तुला लिहिलेलं असावं, एवढंच.

तुझीच,
डिंपल

डायरीतली नोंद, उद्यासाठी: सकाळच्या एसटीनं चोपडा. आधी मुलीलाच भेटायचं, एकटीला.