चौकशीचा माणूस

प्रिय भिंगरी,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून भलतंच निघतं, म्हणून लिहिते. तिसरीपर्यंतची शाळा, अक्षराला हसू नकोस.

तुझा बाप सांगतो, पासपोर्ट अडकला, चौकशीचा शेरा वाईट गेला. महिनाअखेर नवा मिळाला नाही तर दवाखान्यातल्या धुलाईचं काम जाणार आणि तुला परत यावं लागणार. वर हेही कळलं, की तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीनेच चुगली केली असं ठरवून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. एका खोलीत दोघी आणि भात वेगवेगळा शिजतो म्हणे. धन्य!

तुम्ही पोरं सुट्टीच्या दिवशी आपल्या वकिलातीसमोर फलक घेऊन उभी राहता, बाहेर राहणाऱ्यांनाही मत देता यावं म्हणून, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी तुला फाडून खाल्लं. म्हटलं, चादरी धुवायला गेलीस ना, मग चादरी धू. इथे होतीस तेव्हा मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत लोळत होतीस, आता समुद्र ओलांडून मत आठवलं? तू फोटो पाठवलास, फलक उंच धरलेला, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी म्हटलं, पोरीच्या जातीला शोभतं का हे. तू फोन ठेवलास. त्यानंतर मला काही सांगणंच सोडलंस.

तो फोटो मी दुकानातून मोठा करून आणला, हे तुला माहीत नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. मी जन्मभर मतदानाला तुझे आजोबा सांगतील त्या चित्रावर शिक्का मारला. का, असं एकदासुद्धा विचारलं नाही. त्यामुळे पीठ काढताना तुझ्याकडे जरा बघत बसायचे.

पासपोर्टाच्या चौकशीचा माणूस आला तेव्हा घरात मी एकटीच. बरा वाटला, चपला बाहेर काढून आला. नात तिकडे काय करते, त्याने विचारलं. धुलाईत आहे, एवढ्यावर भागलं असतं. मलाच ते कमी वाटलं. फोटो काढून पुढे ठेवला. म्हटलं, नुसते कपडे धूत नाही साहेब, शंभर माणसांपुढे उभी राहून बोलते. तुमच्या गटाचं नाव त्याने विचारलं. मी फलकावर बोट ठेवून एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं. त्याने लिहून घेतलं. मला वाटलं, कौतुक वाटलं त्याला. दुसऱ्यांदा चहा दिला.

तुझ्या मैत्रिणीने काही केलेलं नाही. तुला ऐकवायचं कौतुक मी परक्या माणसाला ऐकवून बसले, आणि तुझ्या वाट्याला नुसती बोलणी. तुझ्या बापाला आज सांगते, मग तो काय म्हणायचं ते म्हणो. हे पत्र तिच्या हातात दे, तिला वाचू दे. माफी मागताना तुझी जीभ माझ्यासारखी अडकेल, तरी माग. पासपोर्टाचं माझ्या हातात काही नाही. एवढंच होतं.

अजून आपलं म्हणत असलीस तर,
तुझीच,
आजी