चपटी टर्की आणि बाबांचं ताट

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना हात अडला होता, पण लहानपणापासूनची सवय, सुटत नाही. फोन केला की तू कामात असतोस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

बाबांच्या वाढदिवसाला टर्की, त्यांची ती लाडकी मोठी विलायती कोंबडी, मी भाजायची आणि टेबलावर उभी ठेवून तू कापायची, हे ठरलेलं. जन्मभर हॉटेलच्या भटारखान्यात राबलेल्या माणसाचे हात आता थरथरतात, म्हणून ही वाटणी. अख्खी टर्की भाजणं त्यांना जमायचं. माझ्या हातून छाती सुकून भुसा व्हायची, नाहीतर मांडी कच्ची राहायची. म्हणून यंदा मी ती चपटी केली. तुझ्या डोळ्यांदेखत मोठ्या कात्रीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापत गेले, कणा सूपसाठी बाजूला ठेवला, टर्की उलटून छाती वर घेतली आणि दोन्ही तळव्यांनी सगळा भार टाकून छातीचं हाड मोडलं. ट्रेमध्ये कशी चटईसारखी पसरली होती. अशी केली की सगळीकडे सारखी आच लागते आणि वेळही निम्मा लागतो, हेही तुला सांगितलं. तू नाक मुरडलंस. गाडीखाली आलेली टर्की पाहुण्यांपुढे काय ठेवायची म्हणालास, आणि मी वेडी हसले.

मग मी बाबांना अंघोळ घालून नवा शर्ट चढवायला गेले. परत आले तर टर्की ओव्हनमध्ये गेलेली. मीच ठेवली, तू बाबांकडे बघ, म्हणालास. मला किती बरं वाटलं, माहीत आहे? भाऊ हाताखाली आला म्हणून! ठरल्या वेळेला तूच ती बाहेर काढलीस, तूच झाकून टेबलावर नेलीस. मी आत पाव कापत होते, बाहेर येईपर्यंत तुकडे ताटांत पडलेले. काळ्या पडलेल्या काड्या आणि दोरा मला कचऱ्यात सापडला, तो सगळे उठून गेल्यावर. तू तिला पुन्हा शिवून उभी केली होतीस, पोटात पाव कोंबून! आणि भाजलीस मात्र चपटीच्या वेळात. शोभेसाठी. तू सुरी फिरवताना चार लोकांनी तुझा फोटो काढावा म्हणून. आणि मांडी बाबांना आवडते म्हणून सगळ्यात कच्चा तुकडा तू त्यांच्याच ताटात वाढलास.

त्याच रात्री उलट्या-जुलाब होऊन बाबा दवाखान्यात सलाईन लावून पडलेले, आणि बाहेर तू आत्याला सांगत होतास, ताईने कुठलंसं नवीन खूळ काढलं, लवकर शिजतं म्हणे. मी मागेच उभी होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी तेव्हा ऐकल्या. तिथे तमाशा नको म्हणून मूग गिळून बसले, त्याचा तू पुरता फायदा घेतलास. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांत माझ्या नावाने खापर फुटलेलं होतं.

लोक गेले उडत. पण बाबा घरी आल्यापासून माझ्या हातचं खात नाहीत. शेजारच्या काकूंकडून येतं ते खातात, नाहीतर बिस्किटं चहात बुडवून. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या त्याच कण्याचं सूप केलं, तर चमच्याने ढवळून तळाशी काय आहे ते बघत बसले आणि वाटी हळूच बाजूला सारली. ज्याने मला सुरी धरायला शिकवली, तो माणूस माझ्या पावाचा तुकडा मोडून आत कच्चा आहे का बघतो. खरं काय झालं ते मी सांगितलं, तर म्हणाले, धाकट्यावर ढकलू नकोस, त्याला स्वयंपाकातलं काय कळतं.

म्हणून लिहिते आहे. माझी माफी मागू नकोस, मला ती नको आहे. येत्या रविवारी ये आणि बाबांसमोर बसून, काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. मी टर्की आणून ठेवली आहे. ती चपटीच भाजणार, चपटीच टेबलावर आणणार, आणि तिची पहिली मांडी त्यांच्यादेखत तू खायचीस. तू खाल्लीस तरच ते खातील. त्यांचा विश्वास तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही.

अजून तरी तुझीच,
ताई