टाचेपासून मेंदूपर्यंत

प्रिय आई,

आज प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा रेबीजचा विषाणू पाहिला. मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूचा नमुना चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि काळोखात हिरवं चांदणं पसरलं. अंगावर काटा आला. इतकं जीवघेणं काही इतकं सुंदर कसं असतं?

आमच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "हा रक्तातून धावत नाही गं. चावलेल्या जागेपासून मज्जातंतूतून मेंदूकडे चढतो, मुंगीपेक्षाही संथ. तोवर लस घेता येते. लक्षणं दिसली, की माणूस हातचा गेला."

लहानपणी दादाच्या टाचेला माझ्या कुत्र्याच्या पिल्लाचा दात लागला होता. "आईला सांगू नकोस, ती पिल्लू हाकलून देईल," असं मीच म्हणाले. आठवड्यात पिल्लू मेलं, तरी मी गप्प राहिले. दादानेही शब्द पाळला. दोन महिने तो हुंदडत होता आणि हा चढत होता.

तू पाण्याचा पेला पुढे केलास, तेव्हा तो किंचाळला. "माझ्यावर रागावूनच गेला," असं तू आजही म्हणतेस. नाही गं आई. या रोगात पाणी नुसतं दिसलं तरी घसा आवळतो. तो तुझ्यावर रागावला नव्हता.

हे पत्र टाकणार नाही. उद्या घरी येतेय, तोंडानेच सांगेन.

तुझी,
धाकटी