तिनं पुन्हा सुई हातात घेतली

बाबा, परवा भर दुपारी, वॉर्डातल्या धावपळीत तुमची फार आठवण आली. आमच्या लहानशा दवाखान्यात नाकाडोंगरीकडची एक नवी सिस्टर आली आहे. नुकतीच पास झालेली, हात चपळ, बोलणं गोड. सुरुवातीचे काही आठवडे तिनं माझ्यासोबतच काम करायचं, एकटीनं इंजेक्शन द्यायचं नाही, असा आमचा नियम. परवा जेवणाआधी मी पलीकडच्या खोलीत सलाईन लावत होते. तिला म्हटलं होतं, थांब, येते मी. पण ताटं आलेली, म्हाताऱ्या भुकेल्या. तिला वाटलं, एवढ्यासाठी कशाला थांबायचं? शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाच्या दोन बाया. आडनाव न विचारता तिनं इन्सुलिन दिलं ते शुगर नसलेल्या बाईला. दुसरीनं विचारलं, "पोरी, मले आज सुई नाही काय?" तेव्हा तिला चूक कळली.

ती धावत माझ्याकडे आली. "सिस्टर, मी चुकीच्या बाईले इन्सुलिन देलं." एवढंच बोलली, कारणं सांगत बसली नाही. डॉक्टर आले, ग्लुकोज चढवलं. त्या बाईला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. आम्ही दोघी तिच्या उशाशी बसून राहिलो, पुन्हा पुन्हा बोटातून रक्त काढून साखर बघत. संध्याकाळपर्यंत ती सावरली, चहा मागून घेतला. तिच्या मुलाला आम्हीच सगळं सांगितलं. तो खूप ओरडला, आणि त्याचं ओरडणं रास्त होतं. बाईच म्हणाली, "जाऊ दे रे. पोरीनं लपवलं असतं त मी कोठं असती?"

दुसऱ्या दिवशी पोरगी वेळेवर आली, पण इंजेक्शनच्या ट्रेला हात लावेना. चादरी बदलते, पाणी देते, ताप बघते. सुईचं नाव काढलं की बाजूला होते. शेवटी म्हणाली, "मी आता सोडून देतो सिस्टर. गावी जातो."

आणि मला करडी गावातलं आपलं स्वयंपाकघर दिसलं. माय गेल्यावर चूल तुम्हीच सांभाळत होता. धानाची रोवणी चालू आहे, शेतात बांधीवर बाया जेवायची वाट पाहतात, आणि मी पेज गाळायला भात पसवताना भरलेलं पातेलं, तो जड गंज, हातातून सुटतो. सगळा भात मातीत. तुम्ही आधी माझ्या पोळलेल्या पायावर पाणी ओतत राहिलात. बोललात ते नंतर, मी घरामागच्या सांदवाडीत लपून "आता कधीच भात नाही मांडणार" म्हटलं तेव्हा. "काहून? सांडला तं सांडला. भिऊन बसशील तं उद्या खाशील काय? ऊठ, पुन्हा मांड." आणि मी पुन्हा पसवला तेव्हा तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या बाजूला उभे. किती वाटलं असेल तुम्हाला, गंज आपणच धरावा. धरला नाहीत.

मी पोरीला म्हटलं, "गावी जायचं तं उद्या जा. आज हे इंजेक्शन तूच देशील." तिच्या बाजूला उभी राहिले, हात पाठीमागे. तिनं केसपेपर वाचला, बाटली वाचली, पुन्हा वाचली. खाटेजवळ जाऊन विचारलं, "काकू, पूर्ण नाव सांगा." काकूंनी नवऱ्याचं, सासऱ्याचं, गावाचंही सांगितलं. शेजारच्या खाटेवरून परवाची बाई हसली, "माहं बी विचारून घे वं, नाहीतं मलेच टोचशील." पोरगी रडता रडता हसली. मग नीट, हळू सुई दिली. मला पाठीमागे बोटं घट्ट आवळून धरावी लागली होती.

आज ती गावी गेली नाही. सकाळी डबा घेऊन आली, माझ्यासाठी जवसाची चटणी आणली. वॉर्डात शांतता होती, बाहेर ऊन पडलं होतं, आणि मला बऱ्याच दिवसांनी आपलं काम मनापासून आवडलं. जेवताना तिनं विचारलं, "सिस्टर, असं बाजूले उभं राहणं तुमाले कोणं शिकवलं?"

मी आमच्या कॉलेजच्या मॅडमचं नाव सांगितलं. काय माहीत का, चुलीपुढच्या बापाचं नाव घ्यायची थोडी लाज वाटली. तुमचं सांगायला हवं होतं, बाबा.